वाळेपर्यंत वाच

२०२५ चा मे महिना आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलाय. परीक्षा संपल्या, हडपसरहून लेकीची थोरली आली आणि रंकाळा, पन्हाळा, जोतिबा असं सगळं लिहिलेला कागद फ्रिजवर चिकटला. वळीव तर दरवर्षीच येतो. चारला आभाळ भरतं, कडकडाट, तासभर धो धो, कधी गारा, आणि सव्वापाचला परत ऊन. पण त्या साली वळवाला जायचं भानच राहिलं नाही आणि त्याच्या मागोमाग खरा पाऊसही येऊन टेकला. एरवी १ जूनला केरळात उतरणारा मान्सून २४ मेलाच उतरला. मुंबईत ११ जूनला यायचा तो २६ मेला आला. आमच्या फ्रिजवरच्या कागदाची चिकटपट्टी ओलीनं सुटली. दोन दिवस तो जमिनीवर पडून होता, कुणी उचललाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला धाकटा नातू सोप्यात येऊन माझ्यासमोर फतकल मारून बसला. "आबा, लई बोअर झालंय."

मी चाळीस वर्षं बाइंडिंग केलंय. आधी एका छापखान्यात, नंतर घरीच. शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांचे दप्तर, वाचनालयांची फाटकी पुस्तकं, पुजाऱ्यांच्या पोथ्या, सगळं या हातांखालून गेलंय. त्यामुळं पोरांना द्यायला माझ्याकडं गोष्टी कमी आणि कागद जास्त. पण त्या पंधरवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तेव्हापासून पावसानं पोरं घरात कोंडली की मी तीच वापरतो.

आमच्या धंद्यात पावसाळ्याला शिव्याच पडतात. चिकटवायची खळ वाळत नाही, पुठ्ठा वाकतो, गिऱ्हाईक दारात उभं. एप्रिलात सकाळी चिकटवलेली वही संध्याकाळी हातात देता येते. जुलैत तिला रात्र पुरत नाही. पण घरात पोरं असली की हीच खोड कामाला येते. "बस आणि वाच" म्हटलं की पोरगं दहा मिनिटं बसतं, त्यातली पाच पाय हलवण्यात जातात. त्याऐवजी त्याच्या हातानं केलेली वही पाट्याखाली दाबून ठेवा आणि सांगा, उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आता त्याला करायला काही नाही, काम अर्धं झाल्यामुळं डोकं जागं आहे आणि शेजारी पुस्तकं पडलीत. बाकी काही सांगावं लागत नाही. म्हणून पावसात काम निवडायचं ते वाळायला वेळ घेणारं. आमच्याकडं आता ही म्हणच झालीय: वाळेपर्यंत वाच.

पहिलं काम रफ वहीचं. गेल्या वर्षीच्या वह्या रद्दीत घालायच्या आधी सगळ्या जमिनीवर पसरा. प्रत्येकीत मागं कोरी पानं असतात. पण इथं एक गोम आहे आणि ती पोरांनाच शोधू द्यावी. मधोमध पिना मारलेल्या वहीत शेवटचं कोरं पान पहिल्या लिहिलेल्या पानाला जोडलेलं असतं, कारण तो एकच दुमडलेला कागद असतो. त्यामुळं वही निम्म्याहून जास्त भरली असेल तर तिच्यात एकही अख्खा कोरा जोडकागद मिळत नाही, सुटी पानंच कापून घ्यावी लागतात. निम्म्याहून कमी भरलेली असेल तर मधले जोडकागद कोरे निघतात. आमच्या थोरलीला हे कळलं तेव्हा तिनं सगळ्या वह्यांच्या दोन थप्प्या लावल्या आणि कार्यानुभवाच्या वहीत सगळ्यात जास्त माल निघाला. त्यावर मी काही बोललो नाही.

जोडकागद मिळाले की दहा-बारा कागद एकात एक घालून एक जुडी करा. दुमड बोटानं दाबू नका, स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासा. आमच्याकडं त्याला हाडाची पट्टी असते, पण चमचा तेच काम करतो. दुमडीवर तीन भोकं पाडायची. एक बरोबर मध्ये, दोन वर-खाली, कडेपासून दोन-दोन बोटं सोडून. दाभण असेल तर उत्तम, नसेल तर गोधडीची जाड सुई. खाली पाट ठेवा, मांडी नको. गोधडीचाच दोरा घ्या आणि तो मेणबत्तीवरून दोनदा ओढा, म्हणजे गुंतत नाही.

आता शिलाई. सुई आतून मधल्या भोकातनं बाहेर काढा, आत चार बोटं दोरा सोडून. बाहेरून वरच्या भोकातनं आत. आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातनं बाहेर. मग बाहेरून परत मधल्या भोकातनं आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आत आली. मध्ये जो लांब उभा टाका दिसतो, त्याच्या एका बाजूला एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं घ्या, आणि तो टाका आवळून गाठ मारा. टाका गाठीत धरला नाही तर वही आठ दिवसांत लुळी पडते. धाकट्याची पहिली तशीच पडली. मी उसवायला लावली नाही, त्याची त्यानंच उसवली.

सुटी पानं असतील तर शिलाई बाजूनं. पन्नासेक पानांची थप्पी ठोकून सरळ करा, दोन चिमट्यांत पकडा, कडेपासून एक सेंटिमीटर आत पाच भोकं पाडा आणि धावदोरा घालत जाऊन तसंच परत या. अशी वही पूर्ण उघडत नाही, पण हिशेबाला चालते.

खळ करायला अगदी सोपी. दोन मोठे चमचे मैदा, एक कप गार पाणी. आधी थोड्या पाण्यात मैदा मोडून घ्या, गुठळी राहता कामा नये, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरी कांजी थोडी काचेसारखी दिसायला लागली आणि चमच्याला धरली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड टाका. छापखान्यात आम्ही कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचो. ते विष आहे, पोरं असलेल्या घरात आणूच नका. पावसाळी हवेत खळ दुसऱ्या दिवशीच आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. आंबलेली खळ ओळखायला नाक पुरतं.

कव्हरला मिठाईच्या बॉक्सचा पुठ्ठा घ्या किंवा लग्नपत्रिका. दोन पुठ्ठे वहीपेक्षा तीन बाजूंनी एक-एक गव्हाइतके मोठे कापा. मध्ये वहीच्या जाडीएवढी फट सोडून जुन्या झंपराच्या किंवा खणाच्या कापडाच्या पट्टीनं दोन्ही जोडा, ही झाली वहीची पाठ. मग वहीचं पहिलं आणि शेवटचं पान खळीनं पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. या पानाला अस्तर म्हणतात. चिकटवायच्या आधी अस्तर आणि पुढचं पान यांच्यात धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीचा तुकडा घाला. नाहीतर ओल पुढच्या दहा पानांत उतरते आणि वही फुगते.

पुठ्ठा का वाकतो, हे पोरांना एकदा दाखवाच. कागदाला खळ लावली की तो भिजून थोडा पसरतो. वाळताना आवळतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडं ओढतो. एका बाजूनंच कागद लावला तर पुठ्ठा त्या बाजूला पापडासारखा वळतो. दोन्ही बाजूंनी लावला तर दोघांची ओढाताण बरोबरीची होते आणि पुठ्ठा सरळ राहतो. आणखी एक. कागदाला उभा-आडवा धर्म असतो. वर्तमानपत्र एका दिशेनं फाडलं तर सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेनं फाडलं तर वेडंवाकडं. सरळ फाटतं ती दिशा वहीच्या पाठीला समांतर ठेवायची. हे कळायला मला छापखान्यात दीड वर्ष लागलं, कारण सांगितलं कुणीच नाही, पुठ्ठे वाकले की मालक बोलायचे तेवढं. आमच्या पोरांना दहा मिनिटांत कळलं. आणि त्या दहा मिनिटांत आदल्या दिवसाच्या पेपराच्या चिंध्या झाल्या.

चिकटवून झालं की वर-खाली वर्तमानपत्र आणि त्यावर पाटा. वरवंटासुद्धा ठेवला तरी चालेल. संध्याकाळी वर्तमानपत्र बदला, ते हाताला दमट लागतंच. घाई नको. आमच्या धाकट्यानं दुसरी वही गुपचूप काढून गॅसच्या शेगडीजवळ उभी केली होती, लवकर वाळावी म्हणून. तासाभरात तिची पन्हळ झाली. पत्र्याला लावली असती तर पाणी वाहिलं असतं.

आता पाटा ठेवलाय आणि उद्यापर्यंत वेळ आहे. वाचायला काय?

माझं पहिलं उत्तर जरा धंद्यातलं आहे. फाटकं पुस्तक द्या. नवं कोरं नको. आमच्या माळ्यावर एका वाचनालयानं काढून टाकलेल्या पुस्तकांचा गठ्ठा आहे. त्यातलं एक जाड, पानं सुटलेलं पुस्तक मी थोरलीपुढं ठेवलं. सतरा पानं सुटी होती, आणि त्यातल्या सहा पानांचे कोपरे कसरीनं खाल्लेले, म्हणजे पान क्रमांक गायब. ती म्हणाली, "आजोबा, हे कुठलं पान कुठं लावायचं?" मी म्हटलं, वाचल्याशिवाय कसं कळणार? पान एका वाक्याच्या मध्यावर सुरू होतं, ते अर्धं वाक्य ज्या पानाच्या शेवटी आहे ते शोधायचं. ती दुपारी दोनला बसली. पाचला चहाला उठली तेव्हा चार पानं जागेवर गेली होती. पण ती मधल्या पन्नास पानांत अडकली होती, तिला त्या बाईचं पुढं काय झालं ते कळायला हवं होतं. सुटं पान चिकटवताना त्याच्या आतल्या कडेला दोन गव्हांएवढ्याच रुंदीची खळीची रेघ ओढा, जास्त नको, आणि लगेच परत पाट्याखाली. परत वाळेपर्यंत वाच.

सेलोटेप मात्र चुकूनही लावू नका. चार-पाच वर्षांत पिवळी पडते, डिंक बाहेर येऊन शेजारच्या पानाला धरतो, आणि मग माझ्यासारख्याकडं ते पुस्तक येतं तेव्हा टेप निघते ती अक्षरं घेऊनच. पान फाटलं असेल तर फाटलेल्या कडेला कागदाचे बारीक तंतू दिसतात. त्या तंतूंनाच काडीनं खळ लावून कडा एकमेकीवर बसवल्या तरी पुष्कळ काम होतं.

नवं वाचायचं असेल तर कोल्हापुरात त्याची उणीव नाही. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. पोरांना त्यांच्याच नावावर पुस्तक घेऊ द्या, वहीत सही करू द्या. आपल्या सहीचं पुस्तक पोरगं जपतं. पाऊस इतका असेल की बाहेरच पडता येत नाही, तर 'किशोर' मासिक आहे. बालभारती ते १९७१ पासून काढते आणि जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट ठेवलेत. मोबाइल हातात द्यायचाच असला तर निदान हे उघडून द्या. आमची पोरं सत्तरच्या दशकातल्या अंकांतल्या जाहिरातीच आधी बघतात. बघू देत. तिसरा रस्ता रद्दीवाल्याचा. जुने दिवाळी अंक त्याच्याकडं किलोवर मिळतात, आणि पाच किलोंत अख्खा जुलै निघतो.

एक नियम मी पाळतो. अर्धं पुस्तक सोडायची मुभा. पोरगं म्हणालं आवडलं नाही, की विषय संपला. दुसरा नियम भडंगाचा. पावसात भडंग लागतंच, पण वाचताना ते चमच्यानं खायचं. पिवळी तेलकट बोटं पानाला लागली की ती ठशांसकट कायमची राहतात. वाचनालयाच्या पुस्तकांत मी असे ठसे इतके पाहिलेत की कुठल्या प्रकरणाला लोक भडंग खात होते ते सांगू शकेन.

मोठ्यानं वाचायचं की मनात, हे आमच्याकडं पाऊस ठरवतो. सोप्यावर पत्रा आहे. सर जोरात आली की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, तेव्हा प्रत्येकजण आपापलं. सर ओसरली की थोरली मोठ्यानं वाचायला घेते. लाईट गेली की मी. अंधारात मला पुस्तक दिसत नाही, म्हणून मी छापखान्यातलं काहीबाही सांगतो आणि ते वाचन म्हणून खपतं. हडपसरची थोरली आणि इथली धाकटी, म्हणजे माझ्या पुतण्याची मुलगी, यांचं एकदा यावरूनच भांडण झालं. इथली म्हणाली, "आता मी वाचतो." पुण्याची म्हणाली, "वाचतो काय, तू मुलगी आहेस ना?" इथलीनं तिच्याकडं असं बघितलं की बस्स. आमच्याकडं पोरी येतो-जातोच म्हणतात. आठ दिवसांनी पुण्याची फोनवर आईला सांगत होती, "मी इथंच राहतो की."

वही तयार झाली की त्याच दिवशी तिला काम द्या, नाहीतर ती कपाटात जाते. आमच्या वहीला पावसाचं काम मिळालं. एक लिटरची सरळ उभ्या भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, नक्षीची नको. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून आत थोडे खडे टाका, खडे बुडून सपाट रेघ दिसेल इतकं पाणी भरा आणि तिथं पेनानं शून्य लिहा. तिथून वर पट्टीनं मिलिमीटरच्या खुणा. बाटली गच्चीवर उघड्यावर ठेवा, पत्र्याच्या पागोळीखाली नको, तिथं दुसऱ्याचाही पाऊस पडतो. वाऱ्यानं आडवी होते, म्हणून विटांत उभी करा. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहायचा आणि पाणी परत शून्यावर आणायचं. साडेआठच, कारण हवामान खातंही साडेआठ ते साडेआठ असाच दिवस धरतं, मग पेपरातल्या आकड्याशी ताळा करता येतो. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आमच्या गच्चीवर त्या हिशेबानं एका रात्रीत किती घागरी पाणी पडलं हे धाकट्यानं काढलं. त्याच्या गणिताच्या बाईंना सांगायला हवं होतं.

वहीत दुसरा रकाना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी पेपर उघडतो तो हाच आकडा बघायला, फूट आणि इंच. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. पोरांना आधी वाटतं, आपल्या गच्चीवर पाऊस पडला की नदी वाढते. दहा दिवस दोन्ही रकाने भरले की दिसतं, तसं नाही. आपल्याकडं दोन मिलिमीटर, तरी पाणी वाढतच असतं, कारण पाऊस गगनबावड्याला आणि राधानगरीला पडत असतो. मग नकाशा काढायचा. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या, प्रयाग चिखलीचा संगम, राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते ती जागा. आमचा नकाशा चार पानांचा झाला. कासारी डाव्या पानावर मावेना, म्हणून धाकट्यानं खळीनं एक पान वाढवलं. ते पण वाळत पडलं.

आषाढात मातीचं काम. आपल्याकडं महाराष्ट्रीय बेंदूर तेव्हाच येतो आणि मातीचे बैल पुजायचे असतात, त्यामुळं पोरांना कारण शोधावं लागत नाही. कुंभार गल्लीत जाऊन गोळा आणा, दोन बैलांना नारळाएवढा पुरतो. पोरं पाय बारीक करतात, कारण खऱ्या बैलाचे बारीक असतात. मातीचा बैल मग रात्रीत खाली बसतो. बसला तर त्याला बसलेलाच करा, पाय पोटाखाली दुमडा, बैलं बसतातही. शिंगं, वशिंड, कान वेगळे करून जोडायचे असतील तर दोन्ही जागा काडीनं ओरखडून, मातीचं दाट पाणी लावून दाबा. नुसतं चिकटवलं की वाळल्यावर कान गळतो. आणि इथंही पाऊस मदतीला येतो. उन्हात माती वरून लवकर आवळते, आतली ओलीच राहते, म्हणून भेगा पडतात. पावसाळी हवेत ती सावकाश, सगळीकडून सारखी वाळते. मूठभर बैलाला पाच-सहा दिवस धरा. पहिले दोन दिवस वर ओलं फडकं, नंतर नुसता वारा. रंगाला गेरू आणि चुना बास.

जलरंगांचा मात्र मला काही अनुभव नाही. एवढंच दिसलं, की ओल्या हवेत रंग लवकर वाळत नाही, एकात एक मिसळतो, आणि पावसाचं आभाळ आपोआप चांगलं येतं. कोटितीर्थ तळ्याच्या काठचे चित्रकार आबालाल रहिमान याच गावचे. त्यांची चित्रं पोरांना एकदा दाखवावीत आणि मग गप्प बसावं.

शेवटी पुस्तकांचं. पावसात पोरं पुस्तकं काढतात, कुठंही टाकतात, आणि आठवड्यात बुरशी धरते. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं सोडा. पुस्तकं कोंबून लावू नका, मधनं वारा फिरला पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, आतली ओल आतच राहते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला म्हणजे बुरशीला निमंत्रण. वेखंडाची पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून प्रत्येक फळीत एक ठेवा. बुरशी दिसलीच तर पुस्तक गॅलरीत नेऊन, तोंडाला फडकं बांधून कोरड्या ब्रशनं झटका. पोरांना हे काम देऊ नका.

पुस्तक भिजलं तर? हे मला २०१९ च्या ऑगस्टनं शिकवलं. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा माझी खालची फळी गेली. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं सांभाळली आणि स्वतःची उचलायला विसरलो. वरून घाईनं सगळ्यांची थप्पी लावली आणि तीन दिवस दुसऱ्यांच्या मदतीत गेले. परत आलो तेव्हा साध्या कागदाची पुस्तकं बुरशीनं हिरवी आणि चकचकीत कागदाची अक्षरशः वीट झालेली. असं करू नका. भिजलेलं पुस्तक जोरानं उघडू नका. वर्तमानपत्रावर उभं ठेवा, पानं पंख्यासारखी थोडी फाकवा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, उन्हात नाही. तासातासानं खालचा कागद बदला. चकचकीत पानं ओली असतानाच एकेक सोडवून मध्ये साधा कागद घाला, एकदा वाळून चिकटली की ती सुटत नाहीत. दोन दिवसांत बुरशी सुरू होते. तेवढ्यात सगळी वाळवणं जमणार नसेल तर उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. तिथं बुरशी थांबते, सवडीनं एकेक काढून वाळवता येतं. प्लास्टिक चालतं ते एवढ्या एकाच वेळी. मागं शेजाऱ्यांची एक भिजलेली पोथी मी मटारशेजारी ठेवली होती. सूनबाई अजून त्यावरून बोलते. पाटा ठेवायचा तो पुस्तक जवळजवळ कोरडं झाल्यावर, आधी नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला शिकंजा (पुस्तकं दाबायचा), दाभण आणि कात्री पूजेला असतात. त्याच दिवशी सकाळी कपाट रिकामं करून सगळी पुस्तकं झटकतो, वेखंड बदलतो, आणि पावसाची वही त्या साली जिथं थांबली असेल तिथं रेघ मारतो.